सोपा उतार: बोपदेव घाटामागच्या एका राईडचं प्रकरण

नोव्हेंबरच्या मध्यावरच्या एका रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात दमदार माणसाची कॉलर बोन मोडली. ज्या उतारावर मोडली तिथे मी आजवर कुणालाही सायकलवरून उतरून चालायला सांगितलेलं नव्हतं. अवघड टप्पे सगळे मागे पडले होते. चहा झाला होता. पुढे ट्रॅक्टरची रुंद वाट होती आणि तिच्या टोकाला डांबरी रस्ता.

पुण्याच्या आसपासच्या कच्च्या वाटांवर लोकांना एमटीबीवरून, म्हणजे माउंटन बाईकवरून, फिरवणं हे माझं शनिवार-रविवारचं काम आहे. त्या दिवसानंतर बरेच आठवडे मी ही राईड डोक्यात उलटी चालवून पाहिली, आधी पडण्याची जागा, मग चहा, मग पंक्चर, मग पायथा. असं काम करणाऱ्या बाकीच्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढतोय. माझ्या चुका धरून.

वाट कुठली आणि तीच का

शहरात टेकड्या असताना वीस किलोमीटर लांब कशाला जायचं, असं नवे लोक विचारतात. वेताळ टेकडी घराजवळ आहे हे खरंच. पण रविवारी सकाळी तिथे चालणारे आजी-आजोबा, पक्षी बघणारे, कुत्री फिरवणारे आणि बाबागाडीतली पोरं अशी सगळी जत्रा असते. अरुंद वाटेवर समोरून सायकल आली की बाजूला व्हायचं पायी चालणाऱ्याने, हे कुठल्याच न्यायात बसत नाही. शिवाय नवशिका माणूस घाबरला की मागचा ब्रेक करकचून दाबतो, मागचं चाक घसटत जातं आणि वाटेत चर पडतो. पावसाळ्यात त्याच चरातून पाणी वाहतं आणि दोन वर्षांत वाटेची घळ होते. टेकडीवर मी एकटा जातो, आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी. ग्रुप नेत नाही.

सिंहगडापासून एक रांग पूर्वेला निघते, ती कात्रज, बोपदेव आणि दिवे घाट ओलांडून भुलेश्वराकडे जाते. कोंढव्यातून येवलेवाडी, मग बोपदेव घाट, की माथ्यावर पुरंदर तालुका सुरू होतो. तिथून कानिफनाथाच्या डोंगराच्या अंगाने गायरानं, पडीक माळ, बैलगाडीच्या जुन्या वाटा आणि मधूनच शेतं. पावसाळा संपला की हे गवत सोनेरी होतं. घाटात पाट्या घेऊन सीताफळवाले बसलेले असतात. एमटीबी शिकायला यासारखी जागा नाही, कारण चढ आहे, खडक आहे, माती आहे आणि माणसं कमी आहेत.

कमी आहेत म्हणजे नाहीत असं नव्हे. प्रत्येक वाट कुणाची तरी असते. वनखात्याची हद्द कुठे, गायरान कुठे, कुणाच्या बांधावरून गेलेलं चालतं आणि कुणाच्या नाही, हे नकाशात दिसत नाही. त्यासाठी तिथल्या माणसाशी बोलावं लागतं. पुरंदरच्या विमानतळाची चर्चा सुरू झाल्यापासून जमिनीला असा भाव आलाय की गेल्या हंगामातली वाट या हंगामात तारेच्या कुंपणाआड गेलेली असते, आत चुन्याने आखलेले प्लॉट. म्हणून माझ्यासोबत मागे राहायला, म्हणजे स्वीप म्हणून, घाटावरच्याच एका वाडीतला बावीस वर्षांचा मुलगा असतो. सकाळी दूध घालून येतो, मग सायकल काढतो. त्याला वाट विचारावी लागत नाही आणि कुत्री त्याच्यावर भुंकत नाहीत.

कोण कोण होतं

आम्ही दोघं धरून आठ जण. हिंजवडीत नोकरी करणारं एक जोडपं, पहिल्यांदाच आलेलं. माझ्यासोबत आधी तीन-चारदा फिरलेले कोथरूडचे दोन मित्र. एक दंतवैद्य ताई, आठवड्यातून दोनदा खडकवासल्यापर्यंत सायकल मारणाऱ्या. आणि काका.

काका एकावन्न वर्षांचे. रोड सायकलिंगमध्ये मुरलेले. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राईड, एकाच हंगामात पूर्ण केल्या की सुपर रॅंडोनियर म्हणतात, ते त्यांनी दोनदा केलेलं. नुसत्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. काका त्याआधी घरी पोचून जेवून झोपलेले असायचे. फोनवर मी त्यांना माझा नेहमीचा प्रश्न विचारला, 'सायकलिंगचा अनुभव किती?' त्यांनी किलोमीटर सांगितले. आकडा ऐकून मी वहीत त्यांच्या नावापुढे 'अनुभवी' लिहिलं आणि जोडप्याची काळजी करायला लागलो.

या प्रकरणातली पहिली चूक हीच, आणि ती राईडच्या चार दिवस आधीची आहे. डांबरावरचा अनुभव दम देतो, चिकाटी देतो, गिअर कधी बदलायचा याची समज देतो. मुरमावर हातापायांनी काय करायचं हे तो शिकवत नाही. उलट काही सवयी अशा पक्क्या करून ठेवतो की त्या मोडायला कोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो.

सकाळ

सव्वासहाला येवलेवाडीत घाटाच्या पायथ्याशी गाड्या लावल्या. सायकली भाड्याच्या, पुढे शॉक असलेल्या आणि मागे नसलेल्या, २९ इंची चाकांच्या, ट्यूबवाल्या. सगळ्यांच्या चाकात मी ३० ते ३२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा ठेवली होती. मग सीटची उंची, ब्रेकचे लिव्हर बोटात येतात का, हेल्मेटचे बंद. हिंजवडीच्या दादांची सीट वर-खाली करण्यात माझी दहा मिनिटं गेली.

त्या दहा मिनिटांत काकांनी आपल्या सायकलचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. त्यांना ते मऊ लागलं. लागणारच, रोड बाईकच्या चाकात याच्या तिप्पट हवा भरायची त्यांना सवय. त्यांनी गाडीतून स्वतःचा पंप काढला आणि दोन्ही चाकं 'नीट' भरून घेतली. कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. मदतच केली होती त्यांनी.

घाटात काका पुढे निघून गेले. आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा ते सीताफळ खाऊन बिया हातात धरून बसले होते. घड्याळ दाखवत म्हणाले, 'बारा मिनिटं झाली बघ.' हसून म्हणाले, पण सांगितलंच. टणक चाक डांबरावर पळतंही छान, त्यामुळे हवेची शंका यायचं काही कारण नव्हतं.

कच्च्या वाटेला लागण्याआधी मी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. उतारावर सीटवरून उठायचं, पेडल आडवी समपातळीत ठेवायची, टाचा खाली, कोपरं सैल, ब्रेकवर एकच बोट, नजर पुढच्या चाकावर नको, आठ-दहा मीटर पुढे. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्याचा मला आता राग येतो. करून दाखवा म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही.

पहिला खडकाळ टप्पा आला तिथे मी खाली उभा राहून एकेकाला सोडलं. ताई मस्त उतरल्या. जोडप्यातल्या वहिनी ओरडत उतरल्या, पण उतरल्या. काका सीटवर घट्ट बसून, कोपरं ताठ धरून आले आणि मधेच पाय टेकवला. मी म्हणालो, 'काका, उठा सीटवरून. हात सैल सोडा.' पुढच्या पट्ट्यात उठले. वळणापलीकडे गेले तेव्हा परत बसलेले होते. हे मी पाहिलं. पुढच्या थांब्यावर यांच्याशी बोलायचं, असंही मनात म्हटलं.

तेवढ्यात मागे पंक्चर. बाभळीचा काटा, हिंजवडीच्या दादांचं मागचं चाक. ट्यूब बदलली, निघालो, पाचशे मीटरवर परत फुसऽऽ. काट्याचं टोक टायरमध्येच राहिलेलं. ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं असतं हे मी शेकडो जणांना शिकवलंय. त्या दिवशी घाईत मीच फिरवलं नाही. पाऊण तास त्यात गेला. ऊन चढलं, ताईंना एक वाजता एका बारशाला पोचायचं होतं, कोथरूडचे दोघं आणि काका बाभळीच्या विरळ सावलीत उभे राहून कंटाळले. काकांशी बोलायचं होतं ते माझ्या डोक्यातून साफ गेलं.

दहा वाजता चहाला थांबलो. काका म्हणाले, 'आता काय राहिलंय?'

'आता सोपाच उतार आहे, काका. ट्रॅक्टरची वाट.'

'मग आम्ही तिघं होऊ का पुढे?'

'व्हा. खाली वड आहे, तिथे थांबा.'

त्याआधी प्रत्येक उतारावर मी पुढे होतो. या एकाच उतारावर नव्हतो.

मुरूम

पडण्याच्या जागेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे डांबरावरच्या माणसाला कुणी सांगत नाही.

आपल्याकडचा काळा खडक झिजला की त्याचा मुरूम होतो. पावसाळ्यात तो ओला असतो, दाबून बसतो, चाक त्यावर रेल्वेसारखं चालतं. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर सुटतो. मग खाली कडक जमीन आणि वर वाटाण्याएवढे, बोराएवढे सुटे खडे, अशी रचना होते. फरशीवर ज्वारी सांडली तर चालताना जसं होतं, तसं. नोव्हेंबरपर्यंत खरिपाचा माल काढायला ट्रॅक्टर ये-जा करून गेलेले असतात. त्यांच्या दोन चाकोऱ्या खोल होतात, मध्ये गवताचा उंचवटा राहतो, आणि जिथे ट्रॅक्टर शेताकडे वळतो तिथे वळणाच्या बाहेरच्या अंगाला मुरमाचा सैल ढीग साचतो. चाकोरीतून बाहेर पडायचं तर आडवं हळूहळू पडता येत नाही. पुढचं चाक कडेला घासतं आणि हँडल हातातून ओढलं जातं.

आता ब्रेक. सायकल थांबवताना वजन पुढे येतं, म्हणून पुढचा ब्रेक जास्त कामाचा. डांबरावर हे इतकं खरं आहे की मुरलेला रोडवाला पुढच्याच ब्रेकवर सगळं चालवतो आणि वळणातही हलका दाबतो. मुरमावर मात्र चाकाची पकड मोजकी असते, महिनाअखेरच्या पगारासारखी. ती वळण्यात खर्च करा किंवा थांबण्यात. दोन्हीकडे एकदम खर्च केलीत की खिसा रिकामा. मागचं चाक घसरलं तर माणूस कमरेने सावरून घेतो, पोरं तर मजेने घसरवतात. पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच उरत नाही. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ वाटेवर, दोन्ही ब्रेक मिळून. वळणात शिरताना पुढचा ब्रेक सोडून द्यायचा. घाबरलेल्या माणसाला नेमकं तेव्हाच तो दाबावासा वाटतो.

टणक चाकाने हे आणखी बिघडतं. हवा कमी असली की टायर खड्यांवर पसरतं, त्यांना पोटात घेतं. पन्नासच्या पुढे हवा असलेलं टायर प्रत्येक खड्यावरून उडी मारतं आणि जमिनीला बोटभरच टेकतं.

ब्रेकवरून एक आठवलं. या खेळाचा जन्मही मोठ्या शहराच्या उशाशीच झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत काही उडाणटप्पू पोरं जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून खाली सोडायची आणि १९७६ मध्ये त्यांनी त्याची शर्यत सुरू केली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असायचा. उतार संपेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि दर फेरीनंतर तुंबा खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या उताराचं नावच त्यावरून रीपॅक, म्हणजे 'पुन्हा भरा', पडलं. आज भाड्याच्या सायकलीलाही एका बोटाने चाक जाम करणारा तेलाचा डिस्क ब्रेक असतो. त्यांना ब्रेक लागत नाही ही भीती होती, आमच्याकडे लागतो ही आहे.

पडल्यानंतर

मी निघालो तेव्हा ते तिघं गेल्याला तीनेक मिनिटं झाली असतील. अर्ध्या उतारावर, उजव्या वळणाच्या बाहेर, कोथरूडचे दोघं उभे दिसले. काका खाली बसलेले, डावा हात उजव्या हाताने पोटाशी धरलेला. ती बसण्याची पद्धत पाहिली की एक्स-रे काढायच्या आधीच कॉलर बोन कळते.

पहिली गोष्ट, कुणालाही त्यांना उठवू दिलं नाही. मित्र उचलायच्याच बेतात होते, बिचारे मदत म्हणून. मानेला मागून, मधोमध दाबून विचारलं, दुखतंय का. नाही म्हणाले. दोन्ही हातांची बोटं हलवायला सांगितली, मुंग्या नाहीत, मनगटाची नाडी दोन्हीकडे सारखी. पायही हलले. शुद्ध गेली होती का, हे मित्रांना विचारलं. नाही म्हणाले, लगेच बोलत होते. हेल्मेट डाव्या कानाच्या वर चिरलं होतं.

मग काकांनी विचारलं, 'माझा मोबाईल कुठंय?' खिशातच होता, दाखवला. दोन मिनिटांनी परत, त्याच सुरात, 'माझा मोबाईल कुठंय?'

तोवर मला वाटत होतं की हात गळ्यात बांधू, सावकाश चालत खाली जाऊ, गाडीने दवाखाना. त्या दुसऱ्या प्रश्नाने बेत बदलला. डोक्याला मार लागल्यावर माणूस तेच तेच विचारायला लागला की त्याला चालवत न्यायचं नाही आणि एकटं सोडायचं नाही. १०८ ला फोन लावला. पट्टीत एक काडी रेंज होती, पण लागला. डांबरी रस्त्यावर अमुक ठिकाणी या, आम्ही तिथवर आणतो, असं सांगितलं. जागेचं वर्णन मला नीट करता येईना. वाडीच्या पोराने फोन हातातून घेतला आणि देवळाची, शाळेची, पाण्याच्या टाकीची खूण दोन वाक्यांत दिली.

तोपर्यंत ताई पोचल्या. म्हणाल्या, 'दात सोडून मला काही विचारू नकोस हं,' आणि काकांच्या मागे मांडी घालून बसल्या, डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्यांना त्यांच्या शेवटच्या ब्रेव्हेबद्दल सांगायला लावलं. काका सांगत होते तोवर मी तिकोनी पट्टीने हात बांधला. बारशाला पोचता येणार नाही हे ताईंनी घरी कळवलं, तेही मला नंतर समजलं.

खालच्या वस्तीवरून एक मामा आणि त्यांच्या मागोमाग आज्जी आल्या. आज्जींच्या हातात साखर घातलेलं पाणी. ते मी काकांना देऊ दिलं नाही. पुढे भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं असावं लागतं. आज्जी रागावल्या. 'पडलेल्या माणसाला पाणी न्हाई द्यायचं? कसली ही शिकवण?' त्यांना पटेल असं मला सांगता आलं नाही. ते पाणी शेवटी मी प्यालो.

मामांनी पिकअप आणली, हौद्यात चाऱ्याच्या पेंढ्या घातल्या आणि काकांना टेकून बसवून डांबरीपर्यंत इतक्या हळू नेलं की मी शेजारून चालत गेलो. अँब्युलन्स आली, मी सोबत गेलो. दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन साफ निघाला, कॉलर बोन मधोमध मोडलेली. ऑपरेशन लागलं नाही, सहा आठवडे हात गळ्यात.

मागे राहिलेल्यांचं काय झालं, हा भाग मला अजून टोचतो. पाच पाहुणे, अर्धा उतार, आणि त्यांना न्यायला एक बावीस वर्षांचा मुलगा, ज्याच्या बॅगेत एक ट्यूब आणि पंप याखेरीज काही नव्हतं. प्रथमोपचाराची पेटी एकच, ती माझ्याकडे. तिथे दुसरं कुणी पडलं असतं तर त्यांच्याजवळ पट्टीसुद्धा नव्हती. पोराने अक्कल वापरली. सगळ्यांना सायकली हातात धरून चालत खाली नेलं. हे त्याला मी शिकवलेलं नव्हतं.

संध्याकाळी सायकली परत करायला गेलो तेव्हा त्याने काकांच्या सायकलचं पुढचं चाक दाबलं आणि मला हाक मारली. 'दादा, ह्यात हवा बघितली का? दगुड झालाय.' गेज लावलं. ५२.

कुणाची चूक

दुसऱ्या दिवशी मी वळणावर परत गेलो. मुरमात पुढच्या टायरची एकच घसट होती, सरळ, दीड हात लांब, ढिगात जाऊन संपलेली. मागचं चाक घसटल्याची खूणच नव्हती. म्हणजे मागचा ब्रेक दाबलाच नव्हता, किंवा नावापुरता. काकांच्या सायकल कॉम्प्युटरमध्ये वळणाच्या आधीचा वेग ताशी ४१ किलोमीटर दिसला. ते मला म्हणाले, 'घाटात आपण साठने उतरतो रे, चाळीस म्हणजे काय.'

काकांचं म्हणणं, चूक पूर्ण त्यांची. हवा त्यांनी भरली, वेग त्यांनी ठेवला, फॉर्मवर सही त्यांनी केली. मला ते मान्य नाही. सहीचा कागद भांडणात उपयोगी पडत असेल, उतारावर तो कुणाला धरून ठेवत नाही. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ साली आलं, तेव्हापासून नोंदणी, विमा, प्रशिक्षित माणूस याबद्दल आमच्यात पुष्कळ चर्चा होते आणि व्हायलाच हवी. पण 'सोपा' हा शब्द माझ्या तोंडून गेला होता. तो माझ्यासाठी सोपा होता. रुंद आणि बिनखडकाची वाट म्हणजे वेग वाढायला मोकळं रान, एवढं साधं गणित मी त्या चहाच्या टपरीवर केलं नाही. खडकाळ टप्प्यात कुणी ताशी चाळीसने जाऊच शकत नाही, म्हणून तिथे पडणारा बहुधा कपडे झटकून उठतो.

एक मित्र म्हणाला, पंक्चर झालं नसतं तर काहीच झालं नसतं. हेही अर्धंच खरं. पंक्चर होणारच, बाभळी काही आमच्यासाठी तोडणार नाहीत. उशीर झाल्यावर आपण काय काय सोडून देतो ते महत्त्वाचं. मी सोडून दिलं काकांशी बोलणं, चहाच्या थांब्यावर चाकं पाहणं आणि उतारावर पुढे राहणं. यातलं एक जरी केलं असतं तरी त्या वळणावर ते पंचवीसच्या आत असते.

आता काय करतो

फोनवर आता किलोमीटर विचारत नाही. विचारतो, कच्च्या उतारावर शेवटची सायकल कधी चालवली आणि कधी पडलात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'कधीच नाही' आलं की मी जास्त सावध होतो.

घाटमाथ्यावर एका सपाट गायरानात अर्धा तास काढतो. तिथे प्रत्येकाने माझ्यासमोर मुरमावर दहा वेळा थांबून दाखवायचं, आधी फक्त मागच्या ब्रेकने, मग दोन्ही. एका चाकोरीतून दुसरीत जायचं. रोडवाल्यांना हा अर्धा तास पोरखेळ वाटतो आणि त्यातच त्यांचं पुढचं चाक पहिल्यांदा सरकतं, ताशी दहाच्या वेगाने, गवतात. एवढ्याने पुढचं सगळं ऐकतात.

हवा पायथ्याशी आणि परत चहाला, अंगठ्याने, सगळ्यांच्या दोन्ही चाकांची. ते काम वाडीच्या पोराचं. त्याने डिसेंबरमध्ये प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं प्रशिक्षण केलं. फी मी भरली आणि त्याचे त्या दिवसांचे पैसेही दिले, कारण दोन दिवस दूध दुसऱ्याला घालायला लावावं लागलं. आता पेट्या दोन. ग्रुप सहावरून पाचावर आणला. हिशेबात ते जाणवतं, खोटं कशाला बोला.

त्या उताराचे मी तीन तुकडे केलेत. प्रत्येक वळणाच्या आधी मी थांबतो, सगळे येतात, मग पुढे. कोथरूडच्या मित्रांना हे अजिबात आवडत नाही. राईडची मजा जाते म्हणतात, आणि जाते हे खरं आहे.

मामांना डिझेलचे पैसे द्यायला गेलो होतो, घेतले नाहीत. आज्जींनी विचारलं, 'त्यो पाणी न पिलेला माणूस बरा हाय का?' बरा आहे म्हटलं. 'बरा असंल तर आण एकदा.'

फेब्रुवारीच्या शेवटी काका आले. नवं हेल्मेट, खिशात हवेचं गेज. गायरानातल्या सरावात तीनदा पाय टेकवले, चौथ्या खेपेला जमलं. आज्जींकडे जाऊन तांब्याभर पाणी प्याले. मग त्या उतारावर माझ्या मागे, माझ्या वेगाने आले, आणि वडापाशी थांबल्यावर म्हणाले, 'पुढच्या वेळी मी पुढे?'

मी अजून हो म्हटलेलं नाही.